नर्सबाईंचा चार घागरी समुद्र

नर्सबाईंच्या बाहेरच्या खोलीत समुद्र होता, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, भिंतीवर समुद्राचं चित्र असेल. चित्र नव्हतं. खरा समुद्र होता, चार घागरी. इंदापूरच्या दवाखान्यामागं दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक जाड बाक, आणि बाकावर लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेली काचेची पेटी. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल. तळाला कोकणातली वाळू, तिच्यात रुतलेले दोन काळे खडक, आणि वर खारं पाणी.

भवानीनगरच्या बाजूला साखर कारखान्याचं धुराडं नुकतं उभं राहिलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. मी वीस वर्षांची होते. बारामतीहून इंदापूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली आणि एकट्या मुलीला खोली देईना कुणी. शेवटी कुणीतरी नर्सबाईंचं नाव सुचवलं. वडील मला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या दारातच उभ्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचलेला, आणि मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. "अवेळी मला हाक आली तर उठून दार लावून घेशील? रक्त बघून चक्कर येते? घरात मासे चालतात?"

पहिल्याला मी होकारार्थी मान हलवली, दुसऱ्याला नकारार्थी. तिसऱ्याला वडीलच पुढं झाले. त्यांनी काचेच्या पेटीकडं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "चालतात की. किती छान दिसतायत."

वडील संध्याकाळच्या गाडीनं परत गेले आणि तासाभरानं नर्सबाईंनी तव्यावर सुका बांगडा टाकला. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. मी नाकाला पदर लावून ओसरीवर जाऊन बसले. त्या आतून म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी हो म्हटलंय. मी साक्षीदार आहे."

त्या मूळच्या कोकणातल्या, अगदी समुद्रकाठच्या. मुंबईत नर्सिंग शिकल्या आणि नोकरीनं फिरत फिरत आमच्या कोरड्या मुलखात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. लग्न केलं नव्हतं. तपासायला आलेल्या बायकांना त्याची मोठी रुखरुख. एखादी विचारायचीच, "बाई, लगीन का न्हाय केलं वो?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "तुम्ही वेळ मिळू दिलात कुठं? एकीचं होतंय तोवर दुसरी हजर."

दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "आधी वेळ सांग. कारण मागून." कुणी धापा टाकत आलं, बाईला चक्कर आली, पोराला झटका आला, काही असो, त्या पहिल्यांदा विचारायच्या, "किती वाजता?" माणसं गोंधळायची. सासू सुनेला दोष द्यायला लागायची, नवरा भुताखेतांचं सांगायला लागायचा. त्या हात वर करून सगळ्यांना थांबवायच्या. "कुणामुळं झालं ते मला नको. कधी झालं ते सांगा." घड्याळ फारसं कुणाकडं नसायचं. मग उत्तरं यायची ती "गुरं सोडल्याव," "एस्टी गेल्यावर थोड्या येळानं" अशी. त्यावरून त्या मनाशी तास काढायच्या, आणि सहसा बरोबर काढायच्या.

नुकत्याच जन्मलेल्या पोराशीही त्या मोठ्या माणसासारखं बोलायच्या. "आलास? बरं झालं. किती वाट बघायला लावतोस?" मुलगी झाली म्हणून कुणी तोंड पाडलं, तर तिथंच उभं राहून त्याची अशी खरडपट्टी काढायच्या की तो माणूस पुढं महिनाभर दवाखान्यावरून जाताना पलीकडची बाजू धरायचा.

आता समुद्राबद्दल. सुकट-बोंबील विकणारा एक व्यापारी कोकणातून घाटावरच्या बाजारांत यायचा. तो त्यांच्या गावाकडचा. त्याच्या मालाबरोबर दोन-तीन महिन्यांनी वेताच्या टोपलीत बसवलेला काचेचा एक बुधला यायचा, समुद्राच्या पाण्यानं भरलेला. असे बुधले साठवून साठवून त्यांनी पेटी भरली होती. शिवाय एक भरलेला बुधला कायम खाटेखाली, अंधारात, अडीअडचणीला म्हणून ठेवलेला असायचा.

पेटीत तीन मासे होते, बोटाएवढे, अंगावर काळे पट्टे असलेले. मेलेल्या शंखात राहणारा एक खेकडा होता. तो स्वतःचं घर बांधत नाही, रिकाम्या शंखात शिरतो, म्हणून त्याचं नाव त्यांनी भाडेकरू ठेवलं होतं. मी आल्यावर मला म्हणाल्या, "आता दोन झाले." आणि खडकाला चिकटून एक फूल होतं. ते फूल नव्हे, प्राणीच. तांबूस देठ आणि वर पाकळ्यांसारखे पन्नासभर मऊ हात. जवळ खाणं आलं की हात मिटून ते आत ओढून घ्यायचं. नर्सबाईंकडं ते सहा वर्षं होतं. दोन बदल्यांमधून त्यांनी ते मांडीवरच्या बरणीतून एस्टीनं आणलं होतं.

तपासायला आलेल्या बायका याच खोलीत बसायच्या. बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नव्हता, पुढं पाहायची शक्यताही नव्हती. त्या तासन्‌तास पेटीसमोर बसायच्या. एकीनं भीत भीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "अगं बया! येवढं मीठ कुनी टाकलं ह्यात?" नर्सबाई म्हणाल्या, "तपास चालू आहे." एकदा कुणीतरी फुलाला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी त्यांचा आवाज कचेरीपर्यंत गेला असेल.

पेटीचे नियम कडक होते. तांब्या-पितळेचं भांडं पाण्याला लावायचं नाही, त्यानं आतले जीव मरतात. साबणाचा हात बुडवायचा नाही. खिडकीकडच्या काचेवरचं हिरवं शेवाळ पुसायचं नाही, कारण तेच पाण्यात हवा सोडतं. सकाळ-संध्याकाळ एनॅमलच्या मगानं पाणी वर उचलून पन्नास वेळा ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आणि खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. सुका जवळा, म्हणजे बारीक वाळवलेली कोळंबी, कुटून त्याची पूड एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची. "उपाशी राहून यांतलं कुणी मरत नाही," त्या म्हणायच्या, "जास्त घातलं की सगळे मरतात. उरलेलं कुजतं आणि पाण्यातली हवा खाऊन टाकतं."

उन्हात पाणी आटलं की खारटपणा वाढतो. तेवढं गोडं पाणी घालायचं. ते मोजायला त्यांच्याकडं दवाखान्यातली काचेची तरंगती नळी होती, गरोदर बायकांची लघवी तपासायची. ती पाण्यात सोडायची, कुठल्या आकड्यापर्यंत बुडते ते पाहायचं. दवाखान्यातली आया हौसाबाई, आमच्या शेजारीच राहायची. तिनं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं, "बाई, समिंदराला दिस गेल्यात व्हय?"

नर्सबाई इतक्या हसलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

मे महिन्याची सुट्टी लागली. मी बारामतीला घरी निघाले होते, पण नर्सबाई म्हणाल्या, "आठ दिवस थांब. या महिन्यात माझ्याकडं सात जणी आहेत. मी बाहेर असेन, पेटीकडं कुणीतरी हवं." मी थांबले. शनिवारी दुपारी अंथुर्ण्याहून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. जाताना सांगितलं, "उद्या खाण्याचा दिवस. चिमूटभर. तू घाल."

रविवारी सकाळी मी डबा काढला. मला त्या जवळ्याचा वास अजिबात सहन व्हायचा नाही. एका हातानं नाकाला पदर धरला आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन अंगठ्यानं झाकण उचकटायला गेले. झाकण घट्ट होतं. मी जोर लावला, ते फट्कन उडालं, हात हिसकला, आणि अर्धा डबा पूड पाण्यात.

क्षणभर ती वर पसरून राहिली, तपकिरी सायीसारखी. मी चहाची गाळणी आणून जमेल तेवढी काढली. पण पूडच ती, भिजली की खाली बसायला लागली. वाळूत गेली, खडकांच्या कपारीत गेली, फुलाच्या हातांत अडकली. मासे गपागप खायला लागले. ते बघून मला धीर आला. खातील बापडे, दोन दिवसांत संपवतील, असं मी मनाला समजावलं.

आणि मी कुणाला सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी तेच सांगायची लाज वाटते, सांडल्याची नाही वाटत. हौसाबाई भिंतीपलीकडं होती. तिनं नर्सबाईंच्या हाताखाली काम केलं होतं, तिला काहीतरी सुचलं असतं. पण ती दुपारी आली तेव्हा मी पेटीवर जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. "ऊन लागतंय," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी लुगडं काढलं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. वास तर असा की मी आधी दार सताड उघडलं. तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. भाडेकरू पाण्याबाहेर खडकाच्या टोकावर चढून बसला होता. फूल मिटून भिजवलेल्या चिंचेच्या गोळ्यासारखं झालं होतं. मी वेड्यासारखी मगानं पाणी ओतत राहिले. दुपारी बाराच्या सुमाराला नर्सबाई आल्या.

दोन दिवस त्यांची पाठ टेकलेली नव्हती. पातळावर वाळलेले डाग होते. त्यांनी दारातच वास घेतला, पिशवी खाली ठेवली आणि पेटीपाशी आल्या.

"किती वाजता?"

"मी नुसती चिमूट घालत होते, पण झाकण घट्ट..."

"किती वाजता?"

"काल... काल सकाळी. आठला."

"काल सकाळी आठला," त्या म्हणाल्या. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अठ्ठावीस तास. हौसाबाईला सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. मग माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर संध्याकाळी रड. आत्ता खाटेखालचा बुधला काढ. हौसाबाईला हाक मार. तिच्याकडची मातीची मडकी आणायला सांग, कोरी, तेलातुपाची नकोत. जा."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळले, म्हणजे साबणाचा अंश राहायला नको. जुनं टवके उडालेलं एनॅमलचं मोठं पसरट भांडं घेतलं. त्यात बुधल्यातलं अर्धं स्वच्छ पाणी ओतलं. मासे एकेक करून हातांच्या ओंजळीतच उचलले, जाळीनं खवले जातात म्हणून. भाडेकरू आपणहून त्यांच्या बोटावर चढला. फूल ज्या खडकाला चिकटलं होतं तो खडकच त्यांनी उचलला, दुसऱ्या भांड्यात घेतलेल्या स्वच्छ पाण्यानं त्याच्यावर बसलेली घाण हलक्या हातानं धुतली, आणि मग तो पसरट भांड्यात ठेवला. फडकं ओलं करून भांड्याच्या भोवती गुंडाळलं, पाणी गार राहावं म्हणून.

"आता हे पाणी फेकून द्यायचं ना?" मी पेटीकडं बघत विचारलं.

"फेकून? दुसरं कुठून आणतेस? भीमेतून?" त्यांनी भिंतीवरचा एनिमाचा डबा काढून त्याची रबरी नळी सोडवली. "घाबरू नकोस, नवी आहे. हे पाणी आजारी आहे. मेलेलं नाही."

नळीचं एक टोक पेटीत, दुसरं खाली ठेवलेल्या मडक्यात. तोंडानं ओढून पाणी चालू केलं, त्यांनीच, आणि एक घोट तोंडात आला तो खिडकीबाहेर थुंकला. त्या नळीचं टोक वाळूवर फिरवत होत्या, आणि कुजलेली पूड नळीतून काळ्या दोऱ्यासारखी खाली येत होती. घाईघाईनं नाही, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, शेत कुळवावं तसं. हौसाबाईनं मडकी एकावर एक रचली. वरच्या दोन्हींच्या बुडाला भोकं पाडली. एकात धुतलेला कोळसा, एकात धुतलेली जाड वाळू, वर दवाखान्यातलं जाळीदार गॉझचं कापड चार पदरी. त्यातून पाणी थेंब थेंब खाली यायला लागलं. पहिलं आलं ते गढूळच. "परत घाला," नर्सबाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा आलं तेही. "परत."

वाळू पेटीतून काढून मी अंगणात बसून धुतली. सात पाण्यांनी धुतली तरी वास जाईना. ऊन डोक्यावर होतं. हौसाबाई वर रचलेल्या मडक्यांपाशी बसून पाणी घालत होती, तोंडाचा पट्टा चालू. "माझ्या सुनंची पाच बाळंतपनं झाली, येवढं पानी तापवलं न्हाय मी."

अर्धी पेटी रिकामी झाली होती आणि तीन वाजले होते, तेव्हा बैलगाडी येऊन थांबली. वरकुट्याचा एक म्हातारा माणूस, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन आत आला.

"बाई, चला. सून अडलीया. कळा येत्यात पर पुढं काय सरकंना."

"कधीपासून कळा?"

"दिस उगवायच्या टायमाला सुरू झाल्या."

"पाणी गेलंय?"

"त्ये बायकास्नी ठावं. माझी म्हातारी म्हनली, पळ आन् बाईला घेऊन ये."

नर्सबाई उठल्या. हातातली नळी चिमटीत धरून ठेवली, पाणी तुटायला नको म्हणून, आणि ती माझ्या हातात दिली. पुन्हा हात धुवायला गेल्या, आता साबणानं आणि औषधानं, दहा मिनिटं, नखं घासून. ते धुताना त्या मला सांगत होत्या.

"नळी तळाच्या वर बोटभर धर. पेटी रिकामी झाली की काचा नुसत्या पाण्यानं पूस. खिडकीकडची काच सोडून. पसरट भांड्यात दर पंधरा मिनिटांनी दहा पेले वरून ओत, सावकाश. फडकं सुकू देऊ नकोस. कुणी मेलं तर लगेच बाहेर काढ. आणि वेळ लिही."

"मी?" मी म्हटलं. "नर्सबाई, माझ्यामुळंच तर हे... हौसाबाईला सांगा ना."

"हौसाबाई मडकी बघतेय." त्यांनी हात झटकले. "तुला पंधरा मिनिटं कळतात. घड्याळ घे." आणि मनगटावरचं ते पुरुषी घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात बांधलं. माझ्या मनगटावर ते फिरायला लागलं, तर त्यांनी पट्टा दंडापर्यंत सरकवला. मग म्हाताऱ्याला म्हणाल्या, "तात्या, चला. बैल दमलेत का? नाही? मग बघताय काय?"

त्या गाडीत बसल्या तेव्हा पेटीकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी कामाला लागले. त्या दिवशी मला दुसरं काही दिसतच नव्हतं. नळी, काचा, फडकं, दहा पेले. पंधरा मिनिटं झाली की दहा पेले. हौसाबाईनं भाकरी आणली ती मी उभ्यानंच खाल्ली. दिवेलागणीपर्यंत पेटी कोरडी होऊन चकाकत होती आणि पाणी तिसऱ्यांदा मडक्यांतून उतरत होतं. मग आम्ही दोघींनी पाळ्या लावल्या. एक पडायची, दुसरी पेला धरायची. हात खांद्यापासून सुटून पडेल असं वाटायचं, पण थांबायचा विचार एकदाही आला नाही. त्या माशांनी मला माफ करावं असं काही मनात नव्हतं. नर्सबाई परत येतील तेव्हा मी पेला धरलेली दिसले पाहिजे, एवढंच होतं.

पहाटे एक मासा गेला. मग दुसरा. मी ते काढले, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. आठ वाजता बैलगाडीचा आवाज आला.

नर्सबाई आत आल्या. डोळे लाल झाले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मुलगा. आडवा होता, फिरवावा लागला. दोघं बरी आहेत." मग पसरट भांड्यावर वाकल्या.

"पहिला साडेपाचला," मी म्हटलं. "दुसरा पावणेसातला. तिसरा सातनंतर खाली जाऊन पोहायला लागला. भाडेकरू चालतोय. फूल तसंच आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मान हलवली. "ठीक," म्हणाल्या, आणि माझ्या दंडावरचं घड्याळ सोडवून घेतलं.

पाण्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. गाळलेलं पाणी आम्ही मातीच्या दोन रांजणांत भरून हौसाबाईच्या अंधाऱ्या कोठीत ठेवलं, तोंडाला फडकी बांधून. रोज सकाळी ते ढवळायचं, वरून ओतायचं. तीन आठवडे त्याला वास होता. चौथ्या आठवड्यात कमी झाला. पाचव्यात एके सकाळी फडकं काढलं तर तळाचा खडा दिसत होता आणि वास होता तो नुसता मिठाचा. नर्सबाईंनी तरंगती नळी सोडून आकडा पाहिला, थोडं गोडं पाणी घातलं, आणि तो समुद्र परत पेटीत गेला. पुढं दोन वर्षांनी त्यांची लांब बदली झाली तेव्हा त्यांनी सगळे जीव त्या सुकटवाल्याबरोबर गावाला पाठवले आणि भावाला निरोप दिला की ओहोटीला खडकात सोड. पेटी हौसाबाईला मिळाली. तिनं तिच्यात कोंबडीची पिल्लं ठेवली.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या आठ-नऊ दिवसांचं, जीव पसरट भांड्यातच होते तेव्हाचं. नर्सबाईंनी सगळ्यांना उपास सांगितला होता. आठ दिवस कणभरसुद्धा नाही. मी बारामतीला जायचं रद्द केलं होतं. काम करत होते, पाणी ओतत होते, पण त्या पत्र्याच्या डब्याकडं बघायचं टाळत होते. तो फडताळात ज्या फळीवर होता तिथली साखरसुद्धा मी हौसाबाईला काढायला लावायचे. नर्सबाईंच्या लक्षात आलं असणार.

फूल उघडत नव्हतं. चौथ्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी नाही. सातव्या दिवशी मी विचारलं, "मेलंय का?"

"मेलं असतं तर खडकाची पकड सुटली असती."

"तुम्ही मला बोलला का नाहीत, नर्सबाई? एक शब्द?"

त्या दुपारी स्वयंपाकघराच्या जमिनीवर पाठ टेकून पडल्या होत्या. छताकडं बघत त्यांनी सांगितलं, सरळ, रोग्याची हकीकत सांगावी तसं.

"मी शिकत होते. पहिलं वर्ष. एक अपुऱ्या दिवसांचं बाळ होतं, मुठीएवढं. चमचा चमचा दूध मोजून द्यायचं. ते रडायचं. मला वाटलं, भूक आहे, दोन चमचे जास्त दिले. बाळ निळं पडलं. सिस्टरनं त्याला उलटं धरून वाचवलं. वाचलं ते. पण सिस्टरनं मला सहा महिने कुठल्याही बाळाला हात लावू दिला नाही. कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं. ती दुष्ट नव्हती. तिला भीती वाटली. पण सहा महिन्यांनी जेव्हा माझ्या हातात बाळ दिलं, तेव्हा हात इतका कापत होता की मी ते परत देऊन टाकलं. ते कापरं जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं मी रोज वाटेत ठरवायचे की आज नोकरी सोडायची."

त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

नवव्या दिवशी सकाळी मी पाणी ओतायला गेले तर फूल उघडलेलं होतं. पूर्ण नाही, कडेचे दहा-बारा हात बाहेर आले होते. मी ओरडलेच. नर्सबाई आतून आल्या, वाकून पाहिलं, आणि फडताळाकडं गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तो पत्र्याचा डबा होता.

"घाल," त्या म्हणाल्या.

"मी नाही."

"चिमूटभर."

"नर्सबाई, नको. पाया पडते. तुम्ही घाला, मी बघते."

"मला चार बायका तपासायच्यात, ओसरीवर बसल्यात," त्या म्हणाल्या. "मला वेळ नाही." त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि झाकण स्वतः उघडून बाजूला केलं.

मी चिमूट घेतली. वास आला, पण या वेळी नाकाला पदर लावायला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या हातानं मी चिमटीचं मनगट धरलं होतं. तरीही बोटं थरथरत होती, आणि पूड भांड्याच्या कडेवर सांडत होती. मी ती बोटानं टिपून परत डब्यात टाकली. पुन्हा चिमूट घेतली, आधीपेक्षा लहान. भांड्यावर हात नेला. थांबले. श्वास घेतला. आणि सोडली.

चार-पाच कण पाण्यावर तरंगत फुलाकडं गेले. एका हातानं एक कण धरला. शेजारचे हात सावकाश त्याच्याकडं वळले, आणि सगळे मिळून तो आत घेऊन गेले.

मी वर पाहिलं. नर्सबाई तिथं नव्हत्या. ओसरीवरून त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी विचारत होत्या, "बरं, आणि पोटात दुखायला लागलं ते किती वाजता?"

मी डब्याचं झाकण लावलं, घट्ट दाबून, आणि एक दिवसाआडच्या पुढच्या खाण्याची वेळ वहीत लिहून ठेवली.